तिचं वेगळं ताट

सोनोग्राफीच्या कागदावर 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' असं छापून आलं, की घरात सगळ्यात आधी बदलतं ते मुलीचं ताट. तिचा भात बंद होतो, चहातली साखर बंद होते, रात्री तिच्यापुढे काकडीच्या चकत्या नाहीतर सूपची वाटी येते. त्याच टेबलावर बाकीच्यांचं पोळी-भाजी, वरण-भात, पापड नेहमीसारखं चालू राहतं. असं ताट महिना-दीड महिना टिकतं. मग कुणाच्या साखरपुड्यात, परीक्षेच्या दिवसांत किंवा ऑफिसच्या धावपळीत ते मोडतं, उतरलेले दोन-तीन किलो परत येतात आणि सोबत एक शेराही चिकटतो: हिचा जिभेवर ताबा नाही. माझं म्हणणं असं आहे की चूक तिच्या जिभेची नाही, त्या वेगळ्या ताटाची आहे. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये) वजन आटोक्यात ठेवायचं, तर बदल घरातल्या सगळ्यांच्या ताटात व्हायला हवा. हे मी केवळ सहानुभूतीपोटी म्हणत नाही. आज उपलब्ध असलेला वैद्यकीय पुरावा नीट वाचला तर तो याच बाजूला झुकतो.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला असलेल्या बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. मीरा-भाईंदर म्हणजे एकेकाळी मिठागरं, भातशेती, आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती समाजाची गावं. २००२ साली इथं महानगरपालिका झाली आणि तोवर उभ्या राहू लागलेल्या इमारतींमध्ये देशभरातली माणसं येऊन स्थिरावली. इथल्या एखाद्या मजल्यावर एका दारामागे तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण असतं, दुसऱ्या दारामागे फुलके-शाक-फरसाण, तिसऱ्या घरी सांबार-भात आणि चौथ्या घरी रोटी-सालन. या चारही घरांतल्या मुलींना झेरॉक्स काढलेला एकच डाएट चार्ट हाती मिळतो. त्यातले ओट्स, ब्रोकोली आणि ग्रीन टी यांपैकी एकही गोष्ट चारांतल्या एकाही स्वयंपाकघरात रुळलेली नसते. शिवाय इथला दिवस लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला. सकाळी चहा-बिस्किटं पोटात ढकलून गाडी पकडायची, दुपारी डब्यातल्या तीन चपात्या आणि चमचाभर बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, आणि दिवसातलं सगळ्यात जड जेवण रात्री साडेनऊला. चार्ट लिहिणाऱ्याने हा दिवस डोळ्यांपुढे ठेवलेला नसतो.

ताटाचा आणि पाळीचा संबंध काय, हे समजल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ आहे. १९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पाळी चुकणं, अंगावर राठ केस आणि आकाराने वाढलेली अंडाशयं असं ते चित्र होतं. अनेक वर्षं हा निव्वळ अंडाशयाचा आजार मानला गेला, नावही त्यावरूनच पडलं. खरं तर सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' नव्हेतच. वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका तिथं साचलेल्या असतात. १९८० नंतरच्या संशोधनातून लक्षात आलं की यातल्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. अंडाशय मात्र त्याला दाद देत राहतं आणि जास्तीच्या इन्सुलिनच्या रेट्याखाली पुरुषी संप्रेरकं अधिक बनवतं. त्याच वेळी यकृतात तयार होणारं, या संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळे रक्तात मोकळी फिरणारी संप्रेरकं आणखी वाढतात. परिणाम म्हणजे लांबलेली पाळी, हनुवटीवरचे केस, मुरुमं आणि पोटावर चढणारी चरबी. ही चरबी इन्सुलिनची दाद आणखी घटवते आणि चक्र पुरं होतं. आहार या चक्राला इन्सुलिनच्या ठिकाणी हात घालतो. वजनकाट्यावर दिसतो तो त्याचा एक परिणाम, एकमेव नव्हे.

वजन आणि इन्सुलिन यांतला हा फरक आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका पाहणीत १५ ते २४ वयाच्या ६०० मुली-तरुणींची तपासणी पूर्ण झाली होती. निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी मोजलं तर त्यांपैकी २२.५ टक्के जणींना पीसीओएस होता, अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के. लक्षात ठेवण्याजोगा आकडा पुढचा आहे: रॉटरडॅम निकषांत बसणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. 'वजन कमी कर, पाळी आपोआप येईल' हा सल्ला या मुलींना कसा लागू करायचा? एक उत्तर पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या गटाने नवजात बाळं मोजली, तेव्हा तीही युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण चरबी मात्र राखून असलेली आढळली. भारतीय शरीर बारीक दिसतं, पण त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणूनच आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ झाला की वजन जास्त मानावं आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं ठरवलं गेलं. बारीक मुलीला उपाशी ठेवलं तर तिचे होते-नव्हते स्नायूही झडतात, आणि साखर खर्च करणारं शरीरातलं मुख्य ठिकाण तेच.

मग कोणता आहार? महाराष्ट्रात हा प्रश्न निघाला की दोन नावं हमखास पुढे येतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचा भात आणि तूप सोडू नका. काही वर्षांपूर्वी या दोहोंवरून घराघरांत तट पडले होते. दोन्ही बाजूंना ज्यांचं वजन उतरलं अशी माणसं खरोखरच होती आणि ती खोटं बोलत नव्हती. जगभरचे अभ्यास एकत्र तपासून २०२३ साली पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्याने तयार झाली. त्यांनी याबाबत स्वच्छ निर्वाळा दिला आहे: वजन, साखर, संप्रेरकं, पाळी यांपैकी कशाच्याही बाबतीत एक आहारपद्धती दुसरीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. सर्वसाधारण लोकांसाठी जो समतोल आहार सांगितला जातो, तोच बाईच्या आवडीनिवडीप्रमाणे आणि दीर्घकाळ निभेल असा ठरवावा. वरवर हे उत्तर निराश करणारं वाटतं, कारण लोकांना जादूचा चार्ट हवा असतो. मला त्यात मोठी सुटका दिसते. पीसीओएसचा म्हणून खास आहारच नसेल, तर त्या मुलीचं खास ताट असण्याचं कारणही उरत नाही. आणि आहार 'निभणं' हीच कसोटी असेल, तर घरातल्या पाच जणांच्या जेवणाविरुद्ध एकटीने चालवलेला आहार त्या कसोटीला उतरणार नाही.

यावर सहज सुचणारा आक्षेप असा: बाकीचे ठणठणीत आहेत, त्यांनी आपलं जेवण का बदलावं? ते ठणठणीत आहेत हे गृहीतच तपासून पाहायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीनुसार भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत एक गोष्ट आपल्या कानाला खटकेल अशी आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण एकूण पिष्टाचं प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाची शक्यता कमी झालेली दिसली नाही. पिष्टातून येणाऱ्या कॅलरींपैकी थोड्या डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांकडे वळवल्या, तिथं मात्र ती कमी दिसली. हा एका वेळी केलेल्या पाहणीचा निष्कर्ष आहे, कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही हे खरं. पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. नाचणीची भाकरी चांगलीच, तिच्यात कॅल्शियम आणि चोथाही आहे. तरी दोन चपात्यांच्या जागी नाचणीच्या तीन भाकऱ्या खाऊन इन्सुलिनला विश्रांती मिळणार नाही. शिवाय पीसीओएस घराण्यात फिरतो. ज्या मुलीला तो आहे तिच्या आई-वडिलांना, भावंडांना मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा जास्त असतो. तिच्या कागदावर आलेलं निदान ही एका अर्थी सगळ्या घराला मिळालेली आगाऊ सूचना असते.

आता प्रत्यक्ष ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेला हिशेब दिवसाला २००० कॅलरींचा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर. एकूण कॅलरींपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यातून येऊ नयेत. हे वजन शिजवण्याआधीचं आहे. आपल्या घरात पातेलंभर वरणात चार माणसांसाठी जेमतेम वाटीभर तूरडाळ शिजते, आणि पळीने वाढलेल्या पातळ वरणात पाण्याचाच भाग मोठा असतो. 'वरण रोज असतं की आमच्याकडे' हे म्हणणं खरं असतं, पण त्यातून माणशी जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतात. म्हणून पहिला बदल स्वस्त आणि साधा आहे: वरण दाट करा, आणि मूग-मटकी-चवळी-वाटाण्याची उसळ आठवड्यातून एकदा नव्हे, रोज एका जेवणात येऊ द्या. उसळ तोंडी लावण्यापुरती न वाढता तिने ताटातली भाताची जागा घ्यावी. भात नाहीसा करायचा नाही, तो मुदीएवढा ठेवायचा. जिथं मासे खातात तिथं तर काम सोपं आहे. भाईंदरजवळच्या उत्तनचा बोंबील, बांगडा, मांदेली घरात येतातच. फक्त कालवणाच्या रश्श्यात भाताचा डोंगर कालवण्याऐवजी तुकड्या जास्त आणि भात कमी, एवढाच फरक. सुक्या मासळीत प्रथिनं भरपूर असतात, मीठही तितकंच, तेव्हा ती जपून. अंडी खाणाऱ्या घरात दोन अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिनं पाच मिनिटांत तयार होतात. जैन किंवा शाकाहारी घरात दही, ताक, पनीर, सोयाबीन, बेसनाचं धिरडं आणि फुटाणे आहेत. फरसाण बेसनाचंच असलं तरी ते तेलाच्या हिशेबात धरायचं, डाळीच्या नव्हे.

वजन वाढवणारी खरी जागा पुष्कळदा जेवणाबाहेर असते. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहणं अधिक चांगलं मानते. चहासोबतची खारी, टोस्ट, बिस्किटं मैदा आणि चरबीची. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ तर विशेष नाजूक, कारण दुपारच्या डब्यात प्रथिनं नसली की गाडीत बसेपर्यंत कडकडून भूक लागते आणि स्टेशनबाहेरचा वडापाव समोरच असतो. तिथं मनोनिग्रहाचे धडे देण्यापेक्षा डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात भाजलेले शेंगदाणे-फुटाणे किंवा उकडलेले चणे ठेवणं जास्त उपयोगाचं. रात्रीच्या जेवणाचा भारही त्याने हलका होतो. उशिरा घरी पोचणाऱ्या बाईने पोळी-भाजी केंद्रातून जेवण आणलं तर त्यात दोष नाही. फक्त चार पोळ्या आणि एक भाजी आणण्याऐवजी दोन पोळ्या, एक भाजी आणि एक उसळ आणावी. उपवासाचंही बोलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. त्यात बटाटा आणि तूप पडलं की संकष्टी-एकादशी हे इन्सुलिनच्या दृष्टीने सणाचे दिवस ठरतात. राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी, थोडं फळ हा उपवासही परंपरेतलाच आहे. जेवणाच्या क्रमाबद्दल, आधी भाजी-उसळ आणि शेवटी भात-पोळी असं खाल्लं तर साखर कमी उसळते, हे न्यूयॉर्कच्या एका छोट्या अभ्यासात मधुमेही रुग्णांवर २०१५ साली दिसलं. अभ्यास छोटा आहे, पण करून पाहायला खर्च शून्य. जेवणानंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं चालण्याबद्दलही तेच म्हणता येईल.

यापेक्षा झटपट मार्ग आहेत, मग इतका द्राविडी प्राणायाम कशाला, असं कुणी विचारेल. कीटो आहाराने पहिल्या काही आठवड्यांत वजन वेगाने उतरतं, इन्सुलिनही कमी होतं. हे मान्यच करायला हवं. पण धान्य, डाळी, फळं जवळपास बंद करून आपल्या घरात वर्षानुवर्षं जेवणं कुणाला जमेल? ६२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येणं आणि पिष्ट जवळजवळ सोडून देणं यांत फार अंतर आहे. पहिली गोष्ट रोजच्या स्वयंपाकात बसते. औषधांचं म्हणाल, तर मेटफॉर्मिन इन्सुलिनला मदत करतं, वजन मात्र थोडंच उतरवतं. मार्च २०२५मध्ये भारतात आलेल्या मौंजारोसारख्या इंजेक्शनांनी वजन खूप उतरतं. ज्यांचं वजन फार आहे त्यांच्यासाठी डॉक्टरांनी ती विचारात घ्यायला हरकत नाही. पण ती चालू असताना गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी लागते, आणि मूल हवं म्हणून उपचार घेणाऱ्यांचा खोळंबा तिथंच होतो. शिवाय भूक कमी झालेल्या माणसाच्या पोटात जे थोडं जातं त्यात प्रथिनं नसली तर स्नायूच झडतात. म्हणजे इंजेक्शन घेतलं तरी ताटाचा प्रश्न फिरून तिथंच येतो. ग्लुटेन आणि दूध सर्रास बंद करण्याच्या फॅशनला, त्यांची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार नसेल तर, आधार नाही; उलट शाकाहारी मुलीचं दूध बंद केलं की तिच्या प्रथिनांचा मोठा स्रोत जातो.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वजनाला एवढं दुय्यम ठरवलं तर ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्या ढिलाई करतील, असं पुष्कळ डॉक्टरांना आणि आयांना वाटतं. वजन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. ७० किलो वजनाच्या बाईचे साडेतीन किलो उतरले, म्हणजे पाचच टक्के, तरी पुष्कळ जणींची पाळी आणि साखर सुधारते. पण हा आकडा लहान आहे, आणि तो कुणी सांगत नाही. सांगितलं जातं ते 'वीस किलो कमी कर, मग ये'. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये उदासी आणि खाण्याच्या विकृती इतरांपेक्षा अधिक आढळतात. दिवसभर उपाशी राहून रात्री भान हरपून खाणं हा त्यांतलाच प्रकार. टोमण्यांनी वजन उतरत नाही, लपूनछपून खाण्याची सवय मात्र लागते. २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच डॉक्टरांना वजनावरून हिणवण्याविरुद्ध बजावतात आणि वजन न उतरताही चांगल्या आहाराचा व व्यायामाचा फायदा होतो, हे रुग्णाला सांगायला लावतात.

म्हणून मोजायचं काय, हेही बदलायला हवं. कमरेचा घेर महिन्यातून एकदा, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर, रक्तदाब, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा साखर. दोन पाळ्यांतलं अंतर ३५ दिवसांच्या आत येऊ लागलं, तर काटा हलला नसला तरी ताट योग्य मार्गावर आहे. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर आहारावर विसंबून न राहता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला हवं, कारण गर्भाशयाच्या अस्तराला त्यातून धोका असतो. निदान झाल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची चाचणी करावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी, असं सांगितलं जातं. त्यासाठी मुलगी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाईल, तेव्हा आई-वडिलांनीही नाश्ता न करता तिच्यासोबत जाऊन आपली साखर तपासून घ्यावी.